ताळ्याची काच

कुमुदिनीनं मच्छरदाणीत गुडघ्यांवर रांगत जाऊन काचनळीचं तोंड अलगद डासावर टेकवलं. डास जाळीला आतून चिकटला होता. डोकं खाली, बूड वर, पोट गुंजेसारखं लालबुंद. शेजारी तिची सात महिन्यांची मंदा पालथी पडून झोपली होती. दुसऱ्या एखाद्या आईनं टाळी वाजवून त्याचा कधीच निकाल लावला असता. कुमुदिनीनं नळीत कापसाचा बोळा सारला आणि मग कुठे श्वास सोडला.

"मारा की तेला!" तानी केरसुणी घेऊन उंबऱ्यात उभी होती. "पोरीचं रगत पिऊन बसलाय नि तुमी तेला नळीत घालून जपताय."

"पोरीचंच कशावरून?"

"मंग काय माझं?"

तानी हसत अंगणात गेली. कुमुदिनी मात्र नळी हातात धरून तशीच बसून राहिली. तानी गमतीनं बोलून गेली होती, पण प्रश्न काही वावगा नव्हता. काल रात्री घरात तिघीच होत्या. माजघरात ती आणि मंदा, मागच्या पडवीत तानी. डॉक्टर पोरांची पोटं चाचपून हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते पाहायला डोळखांबकडच्या पाड्यांवर गेले होते. मच्छरदाणीच्या एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक तिला आत्ता दिसलं. डास बाहेर कुणाला चावूनही आत आला असेल.

मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजनं हिवतापाच्या संशोधनासाठी शहापुरात हे घर भाड्यानं घेतलं होतं. ओटीवर प्रयोगशाळा आणि आत डॉक्टर परचुरे आणि कुमुदिनीचा संसार. कुमुदिनी लग्नाआधी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. पुण्याहून आई कळवळून लिहायची, "तान्ह्या पोरीला घेऊन त्या तापाच्या मुलखात काय राहतेस?" कुमुदिनी उत्तरात मंदाच्या नव्या दाताविषयी लिही आणि पत्र टाकून आली की पोरीच्या कपाळाला पुन्हा हात लावून पाही.

नळीतल्या डासाला तिनं ओटीवर नेलं. पोट सुईनं फोडून रक्त काचेवर पसरलं, वाळवलं, जांभळा रंग चढवून धुतलं. खिडकीत ऊन आलं होतं. आरसा फिरवून तिनं ते सूक्ष्मदर्शकात घेतलं.

आधी नुसत्या रक्तपेशी. मग एक चंद्रकोर. रेखीव, मधे तपकिरी ठिपक्यांची चिमूट. जरा पुढे आणखी एक, गोल व्हायला लागलेली. डासाच्या पोटात गेल्यावर त्या तशाच गोल होतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहत होती. क्षणभर तिला इतकं नवल वाटलं की ती घाबरायचंच विसरली.

मग घाबरली. चंद्रकोर म्हणजे घातकी जातीचा हिवताप. तान्ह्या मुलांना दोन दिवसांत नेणारा. या डासानं तो ज्याच्या अंगातून उचलला, तो माणूस या घरात होता.

तिनं मंदाच्या टाचेला सुई टोचली. पोरीनं घर डोक्यावर घेतलं, तशी तानीनं धावत येऊन तिला उचललं. काच तयार झाली तेव्हा कुमुदिनीच्या हातून भिंगावरचं तेल दोनदा सांडलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिनं काच पाहिली. स्वच्छ.

म्हणजे तानी.

"तानी, मंदाला खाली ठेव."

"आता तं गप झाली, कशाला रडवता?"

"खाली ठेव म्हणते ना."

तानीनं पोरीला चटईवर ठेवलं. तिचा चेहरा उतरला. या घरात शिवाशीव नव्हती. पहिल्याच दिवशी कुमुदिनीनं तिला चुलीपाशी नेऊन चहा दिला होता, आणि तानीनं ते पाड्यावर तिखटमीठ लावून सांगितलंही होतं.

"काय चुकलं माझं?"

"चुकलं काही नाही. तुझं रक्त पाहायचंय. आणि आज रात्री घरी जाऊन नीज."

"घरी? नि डागदर नसताना तुमी एकल्याच?"

कुमुदिनीनं सुई उचलली. तानीनं बोट पुढे केलं.

"घ्या. शेणव्याच्या सावकारानं प्यायलं नाय तेवढं रगत तुमी घेता," ती म्हणाली. पण हसली नाही.

डॉक्टरांची एक शिस्त होती. रोग्याची काच रंगवायची तर तिच्यासोबत निरोगी माणसाची एक काच रंगवायची. रंग नीट चढलाय ना, याचा ताळा. कुमुदिनी तिला ताळ्याची काच म्हणे. ती नेहमी तिच्याच रक्ताची असायची. घरात दुसरं निरोगी होतं कोण, डॉक्टर तर सतत पाड्यांवर. त्या काचेचा रंग उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी पाहायचा आणि ती धुऊन ठेवायची. सवयीनं तिनं स्वतःच्याही बोटाला टोचलं.

तानीची काच तिनं भिंगाखाली घेतली. काही नव्हतं. पुन्हा पाहिली. ऊन खिडकीच्या या गजावरून त्या गजावर सरकलं. कपडे गाठोड्यात बांधून तानी पडवीच्या पायरीवर पाठमोरी बसली होती.

असं कसं होईल? रंगच कच्चा असणार. कोर असेल, पण उमटली नसेल. खात्री करायला तिनं ताळ्याची काच, पहिल्यांदाच, भिंगाखाली सरकवली.

रंग उत्तम चढला होता. पेशी गुलाबी, कडा साफ. आणि बरोबर मधोमध चंद्रकोर.

काचांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं, नवी काच, नवा रंग. या वेळी दोन चंद्रकोरी दिसल्या. एकमेकींकडे पाठ केलेल्या.

दसऱ्याच्या सुमाराला तिला चार दिवस ताप आला होता. डॉक्टरांनी क्विनीन दिलं, ताप पळाला, ती उठून कामाला लागली. क्विनीननं ताप जातो, कोरी जात नाहीत. अंगात शांत बसून त्या डासाची वाट पाहतात. परीक्षेत तिनं हे लिहिलं होतं, मार्कही पडले होते. आणि रोज रात्री मंदाला उराशी घेऊन ती त्याच मच्छरदाणीत झोपत होती.

"तानी," तिनं हाक मारली.

"जातेच हाय."

"आधी इकडे ये. हे बघ."

तानी नाखुशीनं आली, एक डोळा मिटून वाकली. बराच वेळ उठलीच नाही.

"नाचणी सांडल्यावानी दिसतंय गो! नि मधी ह्यो चंद्र कसला?"

"ताप आहे तो. मंदाच्या जिवावर उठेल असा."

तानी झटकन सरळ झाली. "माझ्या अंगात?"

"नाही. तुझं रक्त चांगलं आहे." कुमुदिनीनं बोटाला लावलेला कापूस घट्ट दाबला. "हे माझं."

तानीनं तिच्याकडे पाहिलं, मग चटईवर पाय झाडणाऱ्या मंदाकडे. कुमुदिनीला वाटलं, आता ही टोमणा मारेल. मारायला हवा होता.

"मंग पोर कुटं निजणार?"

"तुझ्याजवळ. राहशील?"

"नि दुदाचं?"

"मला हाक मार. धूप घालून, चादर लपेटून येईन, पाजीन नि परत जाईन. डॉक्टर उद्या येतील. मुंबईहून दुसरं औषध मागवावं लागेल."

तानीनं गाठोडं सोडलं आणि सुईदोरा मागून घेतला.

दिवेलागणीला भोक शिवून झालं होतं. कुमुदिनीनं ओटीवर बसून मंदाला पोटभर पाजलं आणि तानीच्या हातात दिलं. तानी पोरीला घेऊन दाणीत शिरली. चारी बाजूंची जाळी तिनं आतून गादीखाली खोचली, कुमुदिनी उभी होती त्या बाजूची दोनदा. मंदानं जाळीतून आईकडे हात केला. कुमुदिनी नकळत वाकली.

"बाई," तानी हलक्या आवाजात म्हणाली, "जरा लांब बसा. डास निघायची येळ झाली."