तिसरा पट्टा

मृणालने कोपरापर्यंत हात खड्ड्यात घातला आणि चिखलातून तिसऱ्या वॉल्व्हचा कॉक चाचपडत शोधला. जमिनीत पुरलेल्या त्या डब्याचं झाकण उघडायलाच तिला अर्धा तास लागला होता. आत मुंग्यांनी माती भरून ठेवली होती. कॉकची मूठ पाइपला आडवी होती, म्हणजे बंद. तिने ती सरळ केली. टायमर तिने आधीच हाताने तीनवर आणून ठेवला होता. पाइपात हवा फुसफुसली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या वाळलेल्या पट्ट्यात दोन फवारे जमिनीतून डोकं वर काढून फिरू लागले.

ती तशीच पालथी पडून बघत राहिली. पाणी तिच्या पाठीवर पडत होतं.

तिच्या वडिलांना, देवरामना, जाऊन महिना झाला होता. रंगांच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सचं काम केल्यावर त्यांनी मानपाड्याजवळ हे बसकं घर बांधलं, आणि निवृत्तीनंतर घराभोवती लॉन लावून त्याला पाणी घालायची सगळी व्यवस्था स्वतःच्या हातांनी बसवली. चार पट्टे, चार वॉल्व्ह, एक टायमर. पहाटे साडेपाचला टायमर एकेक वॉल्व्ह उघडायचा आणि प्रत्येक पट्ट्याला दहा-दहा मिनिटं पाणी द्यायचा. “एकदा सवडीने ये, सगळं दाखवतो,” ते फोनवर म्हणत. मृणाल वर्तकनगरहून यायची, जेवायची आणि ऊन उतरायच्या आत परत निघायची. लॉन ही तिच्या लेखी फाटकापासून दारापर्यंतची जागा होती.

देवराम गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांनी तुडवलेलं गवत बाकीच्या पट्ट्यांत आठवडाभरात उभं राहिलं. तिसरा पट्टा मात्र आधी पिवळा पडला, मग तपकिरी. तिच्या धाकट्या भावाला, सुमितला, तेवढं निमित्त पुरलं. त्याला सगळ्या लॉनच्या जागी पेव्हर ब्लॉक घालून गाडी आत घ्यायची होती. रविवारी ब्लॉक बसवणारा जगन माप घ्यायला येणार होता.

“तोपर्यंत तुझं चालू झालं तर ठेवू, ताई,” तो म्हणाला होता. “पण रोज बघणार कोण? तू तिकडे बसून व्हिडिओ कॉलवर पाणी घालणारेस?”

म्हणून ती गुरुवारीच रजा टाकून आली. टायमरच्या झाकणाच्या आत देवरामनी बॉलपेनने काढलेला नकाशा चिकटवलेला होता, तो तिने शाळेतल्या मुलीसारखा वहीत उतरवून घेतला. फिल्टरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली. नोझलमधला क्षार सुईने काढला. वॉल्व्हच्या कॉइलची वायर उंदराने कुरतडलेली वाटली म्हणून तिला नवी टेप गुंडाळली. यातल्या कशातच बिघाड नव्हता, हे शुक्रवारी दुपारी कळलं. कॉक तेवढा बंद होता.

त्या रात्री ती महिन्यात पहिल्यांदा सलग झोपली.

शनिवारी सातला उठून बघते, तर तिसऱ्या पट्ट्यातली माती वरवर ओली आणि अर्धा इंच खाली कोरडी. तिने डबा उघडला. मूठ पुन्हा आडवी. तिने ती परत सरळ केली.

सुमित दात घासत बाहेर आला, तेव्हा ती त्याला नको नको ते बोलली. बाबांची एवढी एक गोष्ट त्याला बघवत नाही, ते असताना तो कधी पाइप धरायलासुद्धा उभा राहिला नाही, हेही बोलली. त्याने चूळ भरली.

“मला तो डबा कुठेय ते पण माहीत नाही गं,” तो म्हणाला. “आणि दवाखान्यात मीच होतो. तू नव्हतीस.”

त्यानंतर दिवसभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. आई, नीला, दोघांना वेगवेगळं वाढत राहिली.

रविवारी पहाटे मृणाल स्वयंपाकघराच्या खिडकीशी काळोखात उभी राहिली. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याचे फवारे उठले तशी मागे शेगडी पेटल्याचा आवाज आला. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. तिने मृणालकडे एकदा पाहिलं. आधणाला उकळी फुटल्यावर गॅस बारीक केला, पदर खोचला, बाहेर जाऊन डब्याशी वाकली. फवारे बसले.

ती आत आली, तेव्हा मृणाल दारातच होती.

“आई, तू?”

“उकळी येईपर्यंत चालू देते. मग बंद करते.”

“कधीपासून?”

“लॉन लावल्यापासून. अकरा वर्षं.”

“बाबांना माहीत होतं?”

“न कळायला काय झालं? मी बंद करायची, ते दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना उघडून जायचे. एकमेकांना बोललो कधी नाही.”

नीलाने चहा गाळला. गाळता गाळताच, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं, तिने सांगितलं. गावच्या विहिरीला तिच्या आईला शिवता येत नसे. रिकामी घागर घेऊन ती पायऱ्यांपासून लांब उन्हात बसायची, कुणी येऊन वरून ओतील म्हणून. कधीकधी दुपार टळायची. देवरामांच्या गावातही तेच होतं.

“माझी आई बसायची म्हणून मला हे गवतावर ओतलेलं पाणी बघवत नव्हतं,” नीला म्हणाली. “त्यांची आई बसायची म्हणून ते घालायचे. जे कुणी खाणार नाही, त्याला घालायचे.”

“मग भांडायचं तरी एकदा.”

“तेच तर चाललं होतं.”

मृणालने कप उचलला, परत ठेवला. “आता नको बंद करूस. पंधरा दिवसांत गवत येईल परत.”

“तेवढं मला सांगू नकोस. मी बंद करणार.” नीलाने तिच्यासमोर बिस्किटं सरकवली. “तू आज संध्याकाळी जाशील. उद्या उघडणार कोण?”

उजाडत होतं. चौथा पट्टा आपला आपण सुरू झाला आणि दहा मिनिटांनी आपला आपण थांबला. दोघी तो आवाज ऐकत बसल्या.

जगन दहाला आला. सुमितने त्याला फाटकापासून मागच्या दारापर्यंत फिरवलं. पुढचे पट्टे पाहून जगन घुटमळला.

“एवढं हिरवंगार आहे साहेब. मागचं सुकलंय तेवढंच घेऊ का? गाडी मागून पण आत येईल.”

सुमितने बहिणीकडे पाहिलं. काल तिने ऐकवलेलं अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिचं भांडण ऐकायला तो तयार होऊन उभा होता.

“सगळं घ्या,” मृणाल म्हणाली. “तिसरा पट्टा नसेल तर बाकीचे कशाला?”

“ताई?”

ती पायऱ्या उतरून गेली आणि जगनच्या हातातून टेपचं टोक घेऊन भिंतीशी बसली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्याकडे तिने मान वळवली नाही.

“ओढून धरा ताई,” जगन फाटकाशी पोचून म्हणाला. “मध्ये झोळ पडतोय.”

तिने दुसरा हातही लावला.