हरबाच्या पोथीची समाप्ती

साहित्य माणसाला संकटात उभं राहण्याचं बळ देतं, ही गोष्ट आता वादाच्या पलीकडे गेलेली आहे. हिलालला ते बळ अठ्ठावीस दिवस पुरलं.

हिलाल साक्रीकडचा. सुरतेच्या नवागामात आई धुरपदाबाईंबरोबर एका खोलीत राहायचा आणि एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, दोन माग चालवायचा. शेजारच्या खोलीत भटू, त्याच खात्यातला. दोघं एकाच गावचे, एकाच गाडीने सुरतेला उतरलेले. भटूची खोली वेगळी होती एवढंच. ताट पहिल्यापासून धुरपदाबाईंकडे.

चाळीत दर चातुर्मासात पोथी लागायची. त्र्याहत्तर साली पोथी वाचणारे आबा गावाला गेले ते आलेच नाहीत. त्याच सुमारास मराठी शाळेतले वसंत जोगळेकर गुरुजी मुलांची नावं घालायला चाळीत आले. त्यांच्या पिशवीतून एक जाडजूड पुस्तक डोकावत होतं. धुरपदाबाईंनी ते पाहिलं आणि नावनोंदणीचा विषय तिथेच संपला.

"गुरुजी, तुमले वाचता येस. मंग वाचा ना पोथी."

ते पुस्तक म्हणजे एक अमेरिकन कादंबरी होती. तिच्यावर गुरुजींना पुढे शहरातल्या मराठी मंडळात व्याख्यान द्यायचं होतं. पोथ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण असलं साहित्य कष्टकऱ्यांपर्यंत पोचायला हवं, यावर होता. चालून आलेला कष्टकरी सोडणं त्यांच्या जिवावर आलं. दर सुट्टीच्या वारी दुपारी येऊन ते इंग्रजीतून वाचता वाचता मराठीत सांगू लागले.

धुरपदाबाईंनी पुस्तक चौरंगावर ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं. ग्रंथालयाचा शिक्का त्याखाली झाकला गेला. श्रोत्यांचे कान मागांच्या खडखडाटाने गेलेले, त्यामुळे गुरुजींना सगळं ओरडून वाचावं लागे. नवराबायकोचा हळुवार प्रसंगही भांडण वाटे. पण त्याने काही अडलं नाही, उलट बायांना तो खरा वाटला.

गोष्ट एका सूतगिरणीच्या गावातली. हार्वे नावाचा कामगार, डेल नावाचा त्याचा जिवाभावाचा दोस्त. चाळीत आठवड्याभरात हार्वेचा हरबा झाला. मालक म्हणतो, दोन यंत्रांऐवजी चार सांभाळा. कामगार कामावर जाणं बंद करतात. घरात पीठ नाही, पोर आजारी, आणि हरबा रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन नुसता उभा राहतो.

"मानूस शे!" हिलाल म्हणायचा. "अमेरिकामा बी असंच व्हस का रे भटू?"

"शेठ इथला काय, तिथला काय, बठ्ठा एकच शेतस," भटू म्हणायचा आणि भिंतीला टेकायचा.

समाप्तीच्या दिवशी चाळीने वर्गणी काढून शिरा केला. गुरुजी शेवटचा अध्याय घरी वाचून आले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. समोर समई, पुस्तकावर फुलं, पन्नास माणसं हात जोडून बसलेली. पोथीच्या शेवटी ऐकणाऱ्याचं कल्याण व्हायचं असतं, हे त्यांना शाळेत असल्यापासून माहीत होतं. छापलेल्या पानावर मात्र कोणाचंच कल्याण नव्हतं.

गुरुजींनी घसा साफ केला, पानावर नजर रोखली आणि पानावर नसलेलं वाचलं. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मालक स्वतः दाराशी येतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि म्हणतो, "हार्वे, चूक माझी. आत चल." हार्वे आत जातो, मागोमाग सगळे.

धुरपदाबाई रडल्या. शिरा उत्तम झाला होता.

दिवाळीनंतर हिलालच्या शेठने चौघाचौघांना बोलावून सांगितलं, आजपासून प्रत्येकाने चार माग पाहायचे. हिलालला हसूच आलं. ही पोथी त्याने ऐकलेली होती.

सगळे बाहेर बसले. हिलालने दिवस मोजायला भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या. धीर सुटलेल्याला तो म्हणायचा, "अरे, हरबाले आठव. अठ्ठावीस दिन!" दहाव्या दिवशी डबे रिकामे झाले. विसाव्याला धुरपदाबाईंनी शेजारणीकडे पीठ मागितलं, आणि लेकाने नव्हे, हरबाने सांगितलंय म्हणून मागितलं. सत्ताविसाव्या दिवशी भटू मागच्या दाराने आत गेला. दुपारपर्यंत सगळे गेले.

हिलाल अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दाराशी उभा राहिला. शेठ खरंच आले. गाडीची काच खाली झाली.

"आ कोण छे?" शेठनी रखवालदाराला विचारलं.

"जूनो कारीगर छे, शेठ."

काच वर गेली. शेठच्या डोक्यावर टोपी नव्हतीच.

हिलालने गुरुजींना दोष दिला नाही. आपल्याच उभं राहण्यात काही कमी पडलं असेल, असं त्याला वाटलं. पोथीचं फळ मिळालं नाही की माणूस आधी स्वतःचा सोवळेपणा तपासतो. पुढच्याच रविवारी मंडळात गुरुजींचं व्याख्यान आहे असं कळलं, तेव्हा नेमकं काय कमी पडलं ते ऐकायला तो गेला आणि मागच्या सतरंजीवर बसला.

गुरुजी सुंदर बोलले. "या कादंबरीचं मोठेपण तिच्या निर्दय शेवटात आहे," ते म्हणाले. "लेखक वाचकाला खोटा दिलासा देत नाही. हार्वेचा मित्र डेल मागच्या दाराने कामावर जातो. मागोमाग सगळे. हार्वे दारात उभा राहतो, आणि मालकाला त्याचं नावही ठाऊक नसतं." टाळ्या पडल्या.

कोणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. हिलाल उठला आणि खात्यात बोलायची सवय होती त्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, मालक टोपी काढस, ते कुठे गयं?"

पुढचे सगळे मागे वळले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हिलाल, अरे, समाप्ती होती. नैवेद्य झाला होता. तुझी आई हात जोडून बसलेली. तिथे ते कसं वाचायचं, तूच सांग."

"पन मी उभा राह्यनू ना, गुरुजी."

यावरचं उत्तर अध्यक्षांकडे होतं. साहित्य लोकांपर्यंत पोचतं याचा हा जिवंत पुरावा आहे, असं म्हणून त्यांनी आभार मानले आणि चिवडा आला.

हिलाल चिवडा न घेता पायी नवागामला आला. खोलीत भटू जेवत होता. धुरपदाबाई त्याला वाढत होत्या, कारण पीठ आता तोच आणत होता. हिलाल उंबऱ्यातच थांबला.

"भटू, खरं सांग. समाप्तीले तू बी व्हता ना रे? तरी कसा काय गया आत?"

भटूने घास गिळला. खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"व्हतू ना. पन शिरा आधीच खाधा आनि माले झोप लागी गयती."

भटूकडे आता चार माग होते. त्यातले खिडकीजवळचे दोन हिलालचे.