नेकनूरचं स्वस्त कार्ड

केजच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या तेजश्रीला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा भारी नाद. पण घरच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं. ऐन वळणावर चित्र थिजायचं अन् गाडी कठड्यावर आदळायची. नवं घ्यावं तर भाव ऐकूनच घाम फुटायचा. तेवढ्या पैशात एखादी जुनी स्कूटी आली असती. त्यामुळं नेकनूरच्या आदिनाथची जाहिरात मोबाइलवर दिसली तेव्हा तिला आनंदाआधी शंकाच आली. चांगलं कार्ड, अन् निम्म्या भावात?

"स्वस्त माल एक तर चोरीचा असतो, न्हाई तर मेलेला," असं म्हणत छबुआत्या तिच्यासोबत एसटीत बसली.

आदिनाथनं दोघींना घरात घेतलं अन् दार लोटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. "लवकर बघा. मला जायचं हाय."

तेजश्रीनं गेम लावायला सांगितला. गाडी कुठंही न अडखळता सरसर पळाली. कार्डात खोट नव्हती. मग खोट होती कुठं? तिनं नजर फिरवली. पडद्याच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या होत्या, अन् गेममध्ये खेळाडूचं नाव होतं बबिता.

"कोण खेळतं यावर?"

"मीच की."

"मग एक फेरी मारून दाखवा."

आदिनाथची गाडी सुटली ती उलटीच.

"बबिता कोण?" तेजश्रीनं विचारलं.

"बायको. माहेरी गेलीय. तुला काय करायचंय?"

"त्यांना एक फोन लावा ना."

"घरातली वस्तू विकायला बायकोला कशापायी विचारू? घ्यायचं तर घे, न्हाई तर वाट धर."

तेजश्रीचा हात पर्सवरच होता. असं कार्ड या भावात पुन्हा मिळणार नव्हतं. तरी ती उठली.

एसटीत तिला चैन पडेना. तिनं गेमच्या मोबाइल ॲपवर बबिताला शोधलं अन् निरोप धाडला: ताई, तुमचं कार्ड विकायला काढलंय, माहिती हाय का? खाली स्वतःचा नंबर दिला.

केज यायच्या आतच फोन वाजला.

"तू कोण गं?" बबिताचा आवाज तापला होता. "मी घरी नसताना माझ्या घरात कशाला गेलतीस? दार लोटलेलं होतं म्हणं. शेजारणीनं सांगितलंय मला."

तेजश्री समजावायला गेली अन् अजूनच अडखळली. तशी आत्यानं फोन हिसकावला.

"बाई, मी छबुबाई, पोरीची आत्या. मी होते की संगं. तुझा नवरा तुझं कार्ड विकायला निघालाय. खरं-खोटं त्यालाच विचार."

मग बबिता हळू आवाजात म्हणाली, "शिलाईच्या पैशातून घेतलंय मी ते." अन् फोन बंद झाला.

दुसऱ्याच दिवशी भावाला घेऊन बबिता नेकनूरला गेली आणि अख्खा कॉम्प्युटर उचलून माहेरी, युसूफ वडगावला घेऊन आली.

काही दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. "कार्ड विकायचं न्हाई, आधीच सांगते."

"मी कुठं मागितलं?"

"मग रविवारी खेळायला ये. पण आत्याला घेऊन ये."

"आत्या कशाला?"

"फोनवर बोलली ती खरंच तुझी आत्या होती का, ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

रविवारी दोघी गेल्या. बबितानं दार जरासं किलकिलं केलं. छबुआत्या बोलली, फोनवरचाच तो आवाज पटला, तेव्हा कुठं तिनं ते पूर्ण उघडलं.