रिकामी गाडी

सकाळचे सहाच वाजले होते, तरी आखातातली हवा ओल्या घोंगड्यासारखी अंगाला चिकटत होती. धोंडीरामानं पेशंटांची व्हॅन बिल्डिंगच्या दारात लावली आणि स्क्रीनवरचं बटण दाबलं. आता पाच मिनिटं. तेवढ्यात पेशंट गाडीत आला नाही तर मशीन आपोआप गैरहजेरी लावणार. तीन झाल्या की त्या पेशंटची गाडी कायमची बंद.

तिसऱ्या मजल्यावरच्या खलीलभाईच्या दोन झाल्या होत्या. किडन्या गेलेल्या, एक पाय गुडघ्यातून कापलेला, आठवड्याला तीनदा डायलिसिस. बिल्डिंगची लिफ्ट आठवडाभर मेलेली. त्या दोन्ही वेळा खाली यायला उशीर झाला, व्हॅन निघून गेली आणि शेजाऱ्यानं आपल्या गाडीतून नेलं. आता तो शेजारीही सुट्टीवर मुलखात गेला होता.

त्याच्या बायकोचा, बिलकिसभाभीचा फोन आला. "धोंडीरामभाऊ, चादरीवर बसवून दुसऱ्या मजल्यावर आणलंय यांना. आता माझ्यात दम नाय."

त्यानं लगेच ऑफिसात गाड्यांचं बघणाऱ्या तनवीरला फोन लावला. "लिफ्ट बंद हाय. वर जाऊन घिऊन येतो."

"ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. रूल आहे."

"आन् काल अबू हमूर भागातल्या मोठ्या व्हिल्यातल्या म्हातारीसाठी चाळीस मिंटं थांबवलंत. तवा मशीन झोपलं व्हतं का?"

"ती केस वेगळी."

"व्हय. तिच्या दारात खजुराची झाडं हायती."

 धोंडीराम गटारीत थुंकला, गाडी लॉक करून वर पळाला. माणदेशातला धनगर तो, लंगडं मेंढरू पाठीवर बांधून कोसभर चाललेला. तीच गाठ त्यानं चादरीला मारली. खलीलभाईला पाठीशी घट्ट बांधून एकेक पायरी उतरू लागला.

"तुझ्या पाठीला मेंढरांचा वास येतो रे," खलीलभाई कानाशी पुटपुटला.

"अकरा वर्सं झाली मेंढरं सोडून. गप बसा, न्हायतर खाली ठिवीन."

भाभी मागून चालता चालता हसली, आणि मग डोळे पुसायला लागली.

खाली येऊन त्याला सीटवर बसवलं, पट्टा लावला. स्क्रीन लाल झाली होती. पेशंट गैरहजर. तिसरी वेळ.

फोन वाजलाच. "खलास, धोंडीराम. नाव कटलं त्याचं. गाडी परत आण."

"पेशंट माज्या मागं बसलाय. खोकतोय, ऐकू येतंय न्हवं?"

"सिस्टीममध्ये नाही ना बसला. सिस्टीममध्ये गाडी रिकामी आहे."

जितंजागतं माणूस खोकतंय, आणि हा एसीत बसून त्याला पुसून टाकतोय. धोंडीरामाला त्या आवाजाचीच शिसारी आली.

"बरं," तो म्हणाला. "रिकामीच आणतो. हॉस्पिटलावरनं वळवून आणतो." आणि फोन सीटखाली टाकला.

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं व्हीलचेअर आणली, खलीलभाईला आत नेलं. भाभी घाम मुरलेल्या चादरीची घडी घालत उभी राहिली.

"भाऊ, परवाचं काय? नाव तर कटलं."

त्यानं चादर तिच्या हातातून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटमागं खोचली.

"ही गाडीतच ऱ्हाऊ द्या, भाभी. परवा सहाला रिकामी गाडी तुमच्याच दारावरनं जायची हाय."