कमरेची डबी

घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हा टेलरमामांच्या बायकोचा नेम होता. काम हौसेनं अंगावर घ्यायचं, मध्येच सोडायचं आणि बायको ते पुरं करताना शांतपणे बघत बसायचं, हा टेलरमामांचा. या दोन नेमांवर संसार झकास चालला होता.

अशात त्यांच्या वस्तीत हृदयाच्या संशोधनाचं केंद्र उघडलं. वस्ती नाना ठिकाणांहून आलेल्या माणसांची. एकाच जिन्यावर प्रत्येक मजल्याची भाषा वेगळी, स्वयंपाकाचा वास वेगळा. "आजवर ठरावीक माणसांचीच हृदयं तपासली गेली. तुमची कुणी विचारपूसच केली नाही," असं डॉक्टरबाई पहिल्या सभेत म्हणाल्या, तेव्हा मामांना भरून आलं. त्यांचंही अगदी हेच मत होतं. घरटी एक माणूस हवा होता. मामांनी दोन्ही हात वर केले.

"अहो, एक पुरतो," बायको त्यांच्या कानाशी म्हणाली.

पावलं मोजणारं एक घड्याळ मिळालं. मामा दिवसभर शिलाई मशीनवर पाय मारत, पण मनगटावरचं ते घड्याळ पायांची दखलच घेईना. मामा रुसले. मग घड्याळ बायकोच्या मनगटावर गेलं आणि रोज संध्याकाळी ती मामांची पावलं चालून येऊ लागली. मीठ कमी करायला सांगितलं होतं, तर तीच अळणी जेवू लागली. "घरात कुणीतरी पाळतंय ना? झालं तर मग!" असं म्हणून मामा स्वतःच्या ताटात वरून मीठ घेत.

केंद्रातल्या सिस्टर बेहद्द खूश होत्या. "काका, काय चालता हो तुम्ही!"

"संसारी माणूस. चालावंच लागतं," मामा नम्रपणे म्हणत.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग आली ती डबी. छातीवर चिकट गोल चकत्या, त्यांच्या वायरी आणि त्या जिथे जाऊन मिळतात ती कमरेची डबी. एक दिवस आणि एक रात्र ती अंगावर बाळगायची, म्हणजे हृदयाचा ठोका न् ठोका तिच्यात उतरतो. सिस्टरनी मामांच्या छातीवर जागोजागी वस्तरा फिरवला, चकत्या लावल्या आणि बजावलं, "काका, खाजवायचं नाही."

हे सांगितलं नसतं तर कदाचित खाजलंही नसतं. दुकानात पोहोचेपर्यंत मामांचा जीव मेटाकुटीला आला. त्यात शेजारचा सलूनवाला दारात उभा. शर्टाखालून डोकावणारी वायर त्यानं लगेच हेरली. "काय मामा, चार्जिंगला लावलंय वाटतं?" खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला फेस असताना हसलं. मामा पाय आपटत घरी परतले आणि दार लावून घेऊन त्यांनी एकेक चकती उपटून काढली. सोबत उरलेसुरले केसही गेले.

"अहो, हे काय केलंत? त्यांनी विश्वासानं दिलंय!"

"माझी छाती आहे, टाचण्यांची उशी नव्हे!"

बायकोनं डबीकडे पाहिलं. डबीवरचा हिरवा दिवा बिचारा एकटाच लुकलुकत होता. दिलेला शब्द रिकामा कसा ठेवायचा? तिनं आतल्या खोलीत जाऊन, जोडीला दिलेल्या नव्या चकत्या नीट जागा बघून लावून घेतल्या, वायरी जोडल्या आणि डबी कमरेला अडकवून पुन्हा कामाला लागली. रात्रभर उताणी निजली. दुसऱ्या दिवशी मामांनी बायकोच्या कमरेची डबी घेऊन केंद्रात परत केली आणि त्याच वेळी ती सगळी भानगड त्यांच्या डोक्यातून पार पुसली गेली.

चार दिवसांनी दुपारी केंद्रातून फोन आला. मामा एका कोटाला अस्तर लावत होते. सिस्टरचा आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता. "काका, रेकॉर्डिंगमध्ये हृदय मध्येच थांबलेलं दिसतंय. काही सेकंद. उद्या सकाळी पहिल्यांदा तुम्हालाच बघणार आहोत. तोवर एकटे राहू नका, स्टुलावर चढू नका. चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा."

मामांच्या हातातली सुई तशीच राहिली. ते दुकान उघडंच टाकून निघाले. सलूनवाल्याला जाताजाता म्हणाले, "माझी मोठी कात्री तू ठेवून घे."

घरी येऊन ते जे आडवे झाले ते झालेच. बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाली, "सकाळी दोघं जाऊ. आजच्या दिवस तेवढं अळणी जेवाल?"

"आता कशाचं मीठ!" मामा छताकडे बघत म्हणाले. मुकाट्यानं जेवले. वर बायकोनं धरून नेलं म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत चालूनही आले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते असे सांगितलेलं ऐकत होते. मध्येच ती पाण्याचं भांडं उचलायला गेली आणि ओट्याला धरून क्षणभर थांबली. "काय गं?" "काही नाही. जरा अंधारल्यासारखं झालं. होतं आताशा." मामांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा सुस्कारा टाकला.

सकाळी डॉक्टरबाईंनी मामांचा कार्डिओग्राम काढला, बघितला, पुन्हा काढला. भुवया वर गेल्या. "हे तर छान आहे. त्या दिवशी दुपारी काय करत होता तुम्ही? इथे बघा, सगळ्यात लांब खंड इथे पडलाय."

मामांनी कागदावरची ती रेघ पाहिली. उंचसखल टाके पडत पडत रेघ चालली होती आणि एका जागी सरळ, सपाट. जशी दोरा तुटल्यावरही मशीन चालत राहावी तशी.

"दुपारी? दुपारी तर मी..." मामा आठवू लागले. डबी. चकत्या. सलूनवाला. बंद दार. "म्हणजे हे माझं नव्हेच!" ते खुर्चीतून उडालेच. "डॉक्टरबाई, मी ठणठणीत आहे! ती डबी माझ्या अंगावर नव्हतीच, ती हिच्या..."

शब्द तिथेच थांबला. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"त्या दुपारी ओट्यापाशी डोळ्यांपुढं काळोख आला होता," ती हळूच डॉक्टरबाईंना म्हणाली. "खाली बसले. मग उठले."

"आणि काल फोन आल्यावर तुला कळलं होतं?" मामांचा आवाज चिरकला.

"कळलं की. पण म्हटलं, आधी तुमचा कार्डिओग्राम होऊन जाऊ दे. एरवी तुम्ही काही काढून घेतला नसता." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि भीतीही वाटली. तुमचं दुखणं समजून त्याच्याशेजारी बसणं सोपं होतं."

गळ्यातला मोजपट्टीचा टेप काढून मामांनी तो उगाच गुंडाळला, उलगडला. शेवटी म्हणाले, "डॉक्टरबाई, चालली तीच. मीठ सोडलं तिनं. ते काकांचं कौतुक केलंत ना, ते सगळं हिचं. मला काय बोलायचं ते बोला, पण हिला आत्ता बघा."

डॉक्टरबाई बोलल्या. चांगल्या दोन-चार खणखणीत गोष्टी बोलल्या. मग जरा वरमूनच म्हणाल्या, "घरटी एक माणूस मागितला, तर सगळ्या घरांतून पुरुषच आले. ते आमच्याही लक्षात यायला हवं होतं." त्यांनी मामांना उठवलं आणि त्या खुर्चीत बायकोला बसवलं.

त्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत छोटा खिसा करून त्यात पेसमेकर बसवला. हृदय थांबू लागलं की ते यंत्र त्याला डिवचणार होतं. मामा बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्यांना आत येऊ दिलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. डोळे भरले होते, पण तोंडून निघालं ते हेच: "चोरखिसा! आणि टाके बघ गं, किती बारीक. कारागीर चांगला आहे."

"अहो, हळू. सर्जन आहेत ते."

"असू देत की. चांगलं म्हणतोय मी."

पुढं केंद्रात नवा नियम आला: घरातल्या सगळ्यांनी यायचं. मामांना डबी पुन्हा मिळाली. भर दुपारी ते दुकानात दोन्ही हात मशीनवर घट्ट रोवून बसले होते, कपाळावर घाम. सलूनवाल्यानं दारातून मान आत घातली. "मामा, परत चार्जिंग?"

"हो," मामा दातओठ खात म्हणाले. "आणि तुझ्या घरातून आधी कोण जाणार ते बायकोला विचार." मग आवाज खाली आणत म्हणाले, "बाबा रे, डाव्या बाजूला खाजतंय. पण तू लावू नकोस हात. आज ही डबी माझी मलाच पुरी करायचीय."