अर्ध्या दिवसाची शाळा

भावना वारली तेव्हा तिची मुलगी नंदिनी गणिताच्या तासाला बसली होती. शिपाई दाराशी आला, बाईंच्या कानात काही बोलला आणि बाईंनी तिला दप्तर भरायला सांगितलं. त्याला सहा महिने झाले. पण अजूनही नोटिशीची वही घेऊन शिपाई दारात दिसला, की नंदिनी दप्तर भरून उभी राहायची. आधी वर्गातली मुलं गप्प बसायची. मग हसायला लागली.

तिच्या बापाला, अश्विनला, हे कळलं ते तिची मैत्रीण रितिका हिच्या आईकडून. घरी येऊन त्याने विचारलं, "काहून उभी राहते वं?"

"मले वाटते, आता तुमाले काही झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला शाळेत पाठवलं नाही. सहावीचा अभ्यास घरीच करू, पुढे आठवीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देता येते, अशी चौकशीही त्याने करून ठेवली. पुढच्या खोलीत त्याचं कूलरच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. थंडीत काम कमीच असतं.

आठव्या दिवशी सासूबाई आल्या. इंदुताई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. चार गल्ल्या सोडून, त्याच इंदोरा वस्तीत राहायच्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"जावईबापू, मोटारीसंगं डोकं बी उलटं गुंडाळलं का तुमी?"

"आई, पोरगी रोज उभी राहते तिथं. पोरं हसतात."

"माझा बाप वऱ्हांड्यात उभा राहून शिकला. त्याले आत घेत नव्हते. अन् तुमी आत बसलेल्या पोरीले हातानं बाहेर काढून राहिले!"

अश्विनच्या आईनेही लोकांची धुणीभांडी करून त्याला आयटीआय करवलं होतं. त्यांच्याकडे अंगात ताप असला तरी माणूस शाळेत जायचा. घरात कोणी मेलं, तरी तेरा दिवस न थांबता तिसऱ्या दिवशी पोरं वर्गात दिसायची. तो स्वतःही असाच गेला होता.

इंदुताई खुर्चीवर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा. पोरीसाठी करून राहिले, का स्वतःसाठी?"

त्याला राग आला. पण तोंड उघडण्याआधी त्याला कालची गोष्ट आठवली. नंदिनीने रितिकाकडे खेळायला जाऊ का म्हणून विचारलं होतं आणि त्याने 'अभ्यास राहिला' म्हणून अडवलं होतं. अभ्यास काही राहिला नव्हता. ती समोर बसून अपूर्णांक सोडवायची, मधेच काहीबाही विचारायची, तो तारेचे वेढे मोजताना चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. या आठ दिवसांत तो सहा महिन्यांत बोलला नसेल इतका बोलला होता.

"दोघांसाठी," तो म्हणाला. "पण माझंच जास्त असंन."

इंदुताईंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. "मले बी दुपार जात नाही," त्या म्हणाल्या. "पोरगी माझीच होती ना."

अश्विन म्हणाला, "असं करू. सकाळी गणित-विज्ञान मी घेतो. बारा वाजता तुमी घेऊन जा तिले. तुमच्या शिकवणीले पोरं येतात, त्यांच्यात बसू द्या. कोणी दारात आलं म्हणजे वाईटच बातमी आणते असं नाही, हे तिथंच कळंन तिले. माझ्यासंगं बसून नाही कळणार. जूनमधी शाळेचं तिलेच विचारू."

"अन् तुमी दिवसभर काय करान?"

"राहीन एकटा."

आतून नंदिनीचा आवाज आला, "आजी, पाढे म्हणायले लावशीन का?"

"तीसपर्यंत."

"मग शाळाच बरी होती!"

इंदुताई हसल्या. अश्विनही हसला.

सोमवारी बाराला आजी-नात गेल्या. कोपऱ्यावर वळताना नंदिनीने मागे पाहिलं नाही. अश्विनला ते लागलं, आणि बरंही वाटलं. आत येऊन त्याने ताट वाढून घेतलं. भूक नव्हती. पण संध्याकाळी आल्या आल्या ती 'बाबा, जेवले का?' असं विचारणार, आणि तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. तो जेवला.