बादलीचा श्वास

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं कठड्याला टेकून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी होती. कुणी ती रुमालात गुंडाळून आणली होती, कुणी औषधाच्या डबीत घालून. वर निगेटिव्हकाका राहत. हरवलेलं माणूस जिवंत आहे की नाही, हे ते नुसत्या निगेटिव्हवरून सांगत, आणि तेही कॉम्प्युटरच्या पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!

काकांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओला टाळं लागलं. काका मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी स्टुडिओतला स्कॅनर घरी आणला, दाढी वाढवली आणि आवाज दोन पट्ट्या खाली आणला.

"फिल्म ही कातडी आहे, मंडळी, कातडी!" ते डोळे अर्धवट मिटून म्हणत. "मोबाइलच्या फोटोत नुसते आकडे. फिल्मवर माणसाला शिवून आलेला उजेड असतो! माणूस श्वास घेतो, तशी तीही घेते. गेलेला माणूस स्थिर. जिवंत माणसाचा चेहरा हलतो!"

मग ते एका जाडजूड पुस्तकातून आपल्या वारलेल्या भावाची पट्टी काढून स्कॅन करत. भाऊ अगदी मिशीच्या केसान्‌केसासकट स्पष्ट. त्यानंतर समोरच्याची पट्टी. तिची घट्ट गुंडाळी पत्र्याच्या डबीत जाई आणि डबी टेबलावरच्या तापलेल्या दिव्याखाली. "जरा ऊब देऊ. गारठलेलं माणूस बोलेल कसं?" थोड्या वेळाने पट्टी चौकटीत अडकवून स्कॅनरवर ठेवली, की पडद्यावर भिंत स्पष्ट, दार स्पष्ट, आणि मधोमध उभ्या माणसाचा चेहरा तेवढा पुसट. हुंदका पार जिन्यापर्यंत ऐकू येई. "जिवंत आहे! पुढच्या महिन्यात पुन्हा या." खणात पाकीट पडे.

त्या खोलीत आजवर कुणीही मेलेलं निघालं नव्हतं. मेलेल्याचे नातेवाईक पुढच्या महिन्यात कशाला येतील?

त्या दिवशी रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या, आपल्या आईचा दंड धरून. बाईंचा धाकटा भाऊ कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नव्हता. आई दर महिन्याला काकांकडे येऊन त्याचा पुसट चेहरा बघे आणि घरी जाऊन त्याचं ताट वाढून ठेवी. मध्यंतरी, पोलिसांत दिलेल्या तक्रारीवरून, नदीकाठच्या एका रुग्णालयातून निरोप आला. शवागारात एक अनोळखी देह होता, चेहऱ्यावरून ओळख पटण्यापलीकडचा. "आईचं रक्त द्या, म्हणजे पक्कं कळेल," तिथले डॉक्टर म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत ठेवतो. नंतर बेवारस म्हणून विल्हेवाट लावावी लागेल."

आईने साफ नकार दिला. "जित्या पोरासाठी मढ्याला रक्त देऊ? चेहरा हलतो त्याचा, मी डोळ्यांनी पाहिलाय. तू बहीण आहेस की वैरीण?"

धाकट्याला फिल्मवर फोटो काढायचा नाद होता. त्याचा स्वतःचा स्कॅनर त्याच्या खोलीत धूळ खात पडला होता. बाईंनी तो पुसला आणि त्याचा शेवटचा रोल एकेक पट्टी करून लावला. धाकट्याचा चेहरा पडद्यावर आला, पुसट.  वर्गात फळ्यावर भिंगं काढणाऱ्या बाई, पण क्षणभर त्यांनाही वाटलं, देवा, खरंच असू दे.

पुढचा फोटो उभ्या आकाराचा होता. धाकट्याने कॅमेरा कशावर तरी ठेवून, टायमर लावून स्वतःचाच काढला असावा. धावत जाऊन उभं राहण्यात तो मधोमध पोहोचलाच नव्हता, पार कडेला भिंतीशी राहिला होता. आणि तिथे तो स्पष्ट होता, शर्टाच्या उसवलेल्या बटणासकट. मधोमध नळाखाली प्लॅस्टिकची बादली होती. बादली पुसट होती.

म्हणजे बादली श्वास घेत होती! बाई एकट्याच मोठ्याने हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. पुसटपणा माणसाचा नव्हता, जागेचा होता. इतके महिने गुंडाळून पडलेली पट्टी मधोमध फुगली होती, एवढंच. त्यांनी ती शब्दकोशांखाली दाबून सपाट केली. पुन्हा लावली, तर बादली बादलीसारखी दिसली आणि भाऊ भावासारखा. पण आई त्या पडद्याकडे बघेना. "तुझ्या यंत्राला काय कळतंय! एवढी शहाणी आहेस, तर काकांसमोर बोलून दाखव."

म्हणून बाई आज रांगेत होत्या. नंबर आला तेव्हा त्यांनी मान खाली घालून एक जुनी पट्टी पुढे केली. "आमचं माणूस, काका. वाट बघून थकलो."

पट्टी डबीत गेली, डबी दिव्याखाली गेली. ऊब देऊन झाली. पडद्यावर एक खुर्ची उमटली, खुर्चीत एक माणूस, चेहरा पुसट.

"जिवंत!" काका गरजले. "दक्षिणेला आहे. पाण्याजवळ. तुमची आठवण काढतोय."

आई डोळे बारीक करून पुढे सरकली. खुर्ची तिच्या ओळखीची होती, शर्ट तिने स्वतः शिवलेला होता. "अगं बाई, हे तर आमचे हे!" ती म्हणाली. "ह्यांना जाऊन दहा वर्षं झाली. माझ्या मांडीवर गेले हे."

 काकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ जागेवर होती. "आत्मा! आत्मा श्वास घेतोय, माउली!"

"मग तुमच्या भावाचा आत्मा काय गुदमरलाय?" बाई म्हणाल्या. दारातून कुणीतरी फिसकन हसलं. "त्यांची पट्टी पुस्तकात आणि आमची दिव्याखाली, असं का? बघा मंडळी. गुंडाळून तापवली की फिल्म वाकते. चौकट तिला कडेने धरते, मध्ये ती फुगून वर येते. या यंत्राची नजर एका ठरावीक उंचीवरच नीट बसते. वर गेलेलं सगळं पुसट दिसतं. आणि फोटोत माणसाला उभं कुठे करतात? मधोमध!"

पर्समधून त्यांनी तसबिरीची पातळ काच काढली, तीच पट्टी तिच्याखाली सपाट दाबली आणि पुन्हा स्कॅन केली. वडील चष्म्यासकट स्पष्ट झाले.

आता लोक काकांची गचांडी धरतील असं बाईंना वाटलं होतं. कुणी हललं नाही. मग नवऱ्याची वाट बघणारी एक शिंपीणबाई पुढे झाली. आपली पट्टी तिने छातीशी धरली होती. "काका," ती हळूच म्हणाली, "माझी दिव्याखालीच ठेवा हं. काच नको." मागून आवाज आला, "त्या बाईंना खाली न्या कुणीतरी. उगाच खोळंबा." रांग पुढे सरकली.

बाईंनी हात टेकले. पर्स बंद करायला लागल्या तेव्हा आईने त्यांचं मनगट धरलं.

"धाकट्याची लाव."

"आई, घरी..."

"इथंच लाव. काचेखाली." आईने धाकट्याची पट्टी पुढे केली.

धाकटा पडद्यावर आला. आई कितीतरी वेळ बघत राहिली. इतके महिने तिने धुक्याची पूजा केली होती. पोराचा चेहरा आज पहिल्यांदा बघत होती. "डोळ्यांखाली केवढं काळं पडलंय," ती म्हणाली. "घरात असताना मला कसं दिसलं नाही गं?"

बाईंनी काच आणि पट्टी पर्समध्ये ठेवली. दोघी जिना उतरू लागल्या. शेवटच्या पायरीवर आई थांबली आणि तिने बाही वर सरकवली. "रक्त कुठल्या हाताचं घेतात?"

रक्त जुळलं. धाकटा बेवारस गेला नाही, यापलीकडे या गोष्टीत सुखाचं काही नाही. काका अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत आणि आता आत येणाऱ्याची पर्स आधी बघतात.

वाचकहो, असा चमत्कार तुमच्या दारी आला तर जोडलेले हात आधी सोडा आणि त्यातली बादली शोधा. ती असतेच. ती सापडल्याने तुमचं माणूस परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते कुठंतरी थंड फळीवर कुणाची वाट बघत पडलेलं असेल, तर निदान तुम्ही वेळेवर पोहोचाल.